हजार मैल आणि हातभर अंतर

मोटारशर्यतींची जुनी कृष्णधवल छायाचित्रं समोर आली, की नजर आधी गाडीवर जाते. लांबलचक बॉनेट, चामडी पट्ट्यांनी आवळलेलं झाकण, तारेच्या आऱ्यांची चाकं, गॉगलखाली काळवंडलेला चेहरा. गाडी कोणत्या कंपनीची, साल कोणतं, चालक कोण, हे ओळखण्यात शौकिनांची अख्खी दुपार सरते. इटलीतल्या ‘मिल्ले मिल्या’ या हजार मैलांच्या शर्यतीची छायाचित्रं मात्र जरा वेगळी आहेत. त्यांत गाडी एक असते आणि माणसं शंभर. माणसं स्टँडमध्ये बसलेली नसतात, कुंपणामागे उभी नसतात. ती रस्त्यातच असतात. गाडी येते तशी गर्दी फाकते, गाडी जाते तशी मिटते. कुणी सायकल धरून उभं, कुणी पोराला खांद्यावर घेतलेलं, कुणी दोन पावलं पुढे सरून वाकून बघणारं. हात लांब केला तर गाडीला लागेल, एवढंच अंतर.

या छायाचित्रांवर आज जग लुब्ध आहे. त्यांची मोठमोठी पुस्तकं निघतात, मूळ प्रती लिलावात विकल्या जातात. त्या काळाची हळहळ करणाऱ्यांना त्यांत मोटारशर्यतीचा सुवर्णकाळ दिसतो, आणि तो होताच. पण त्या सुवर्णकाळाची सगळी मोहिनी ज्या हातभर अंतरात होती, त्याच अंतराने ती शर्यत संपवली. १९२७ ते १९५७ या तीस वर्षांत चोवीस वेळा झालेल्या या शर्यतीची गोष्ट म्हणजे या अंतराचीच गोष्ट आहे.

सुरुवात झाली ती एका शहराच्या रुसव्यातून. उत्तर इटलीतल्या ब्रेशा या शहराला मोटारींचं वेड जुनं. १९२१ साली इटलीची पहिली ग्रां प्री शर्यत ब्रेशाजवळच्या मोंतिक्यारी इथे झाली. पण पुढच्याच वर्षी मिलानजवळ मोंझाचा कायमस्वरूपी ट्रॅक बांधून तयार झाला आणि ग्रां प्री तिकडे गेली. मान गेला, गर्दी गेली आणि ब्रेशाच्या मनाला ते लागलं. चार जणांनी त्यावर उपाय शोधला. काउंट आयमो माज्जी, त्याचा धनाढ्य मित्र फ्रांको मात्सोत्ती, संयोजनात मुरलेला रेन्झो कास्तान्येतो आणि क्रीडापत्रकार जोव्हान्नी कानेस्त्रिनी. मिलानकडे ट्रॅक आहे ना, मग आपण ट्रॅकच नको म्हणू, असा त्यांचा हिशेब. ब्रेशातून निघायचं, रोमला जायचं आणि दुसऱ्या वाटेने ब्रेशाला परत यायचं. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा मार्ग. अंतर साधारण १६०० किलोमीटर, म्हणजे मुंबईहून रस्त्याने दिल्ली गाठून वर आणखी थोडं. आणि हे सगळं एका दमात, लोकांच्या रोजच्या रस्त्यांवरून.

२६ मार्च १९२७ रोजी पहिल्या शर्यतीसाठी ७७ गाड्या ब्रेशातून सुटल्या. इटलीतले तेव्हाचे बहुतेक रस्ते खडीचे आणि मातीचे. पुढची गाडी धुळीचा लोट उडवायची आणि मागच्याने त्या लोटात अंदाजाने शिरायचं. घाटात वळणांना कठडे नाहीत, रात्री गावांत दिवे जेमतेम. फेर्दिनांदो मिनोया आणि जुझेप्पे मोरांदी या जोडीने २१ तास ४ मिनिटांत फेरी पूर्ण केली. सरासरी वेग ताशी ७७ किलोमीटर. त्यांची गाडी ओएम, म्हणजे खुद्द ब्रेशाच्या कारखान्यात तयार झालेली. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकावरही ओएमच. शहराचा रुसवा एका रात्रीत निघाला.

शर्यत लोकांना इतकी भावली याचं कारण साधं होतं. तिला तिकीट नव्हतं. ट्रॅकवरची शर्यत बघायला पैसे मोजून जावं लागतं. ही शर्यत स्वतः लोकांच्या दारात यायची. शेतकरी शेताच्या बांधावरून बघायचा, बाई गॅलरीतून, पाद्री चर्चच्या पायरीवरून. आणि पळणाऱ्या गाड्यांतही सगळ्या थरांतल्या गाड्या असत. कारखान्याने खास बांधलेल्या शर्यतीच्या गाड्या तर होत्याच, पण गावातल्या डॉक्टराकडे किंवा दुकानदाराकडे असेल तशी चिमुकली फियाटही त्याच रस्त्यावर, त्याच शर्यतीत धावायची. आपल्या गल्लीतला मेकॅनिक आणि जगज्जेता चालक एकाच यादीत. एवढी सलगी दुसऱ्या कुठल्या मोठ्या शर्यतीने लोकांना दिली नाही.

शर्यतीभोवती दंतकथाही लगेच जमल्या. त्यातली सगळ्यांत लाडकी १९३० सालची. ताझिओ नुवोलारी आणि आकिले वार्त्सी हे दोघे कट्टर प्रतिस्पर्धी, दोघेही आल्फा रोमिओच्याच गाड्यांवर. परतीच्या वाटेवर, गार्डा सरोवराच्या बाजूला, पहाटेच्या अंधारात नुवोलारीने म्हणे हेडलाइट बंद केले, वार्त्सीला चाहूल लागू न देता त्याच्या मागे आला आणि शेजारी पोचल्यावर दिवे लावून हसत पुढे गेला. वस्तुस्थिती थोडी रुक्ष आहे. गाड्या ठरावीक अंतराने सुटत आणि नुवोलारी वार्त्सीच्या दहा मिनिटं मागून निघाला होता. त्यामुळे वार्त्सीची गाडी नजरेत आली तेव्हाच घड्याळाच्या हिशेबाने तो शर्यत जिंकत होता. पण हिशेब कोण लक्षात ठेवतं? नुवोलारी आणि त्याचा साथीदार जोव्हान्नी बात्तिस्ता ग्विदोत्ती यांनी ताशी शंभर किलोमीटरची सरासरी पहिल्यांदाच ओलांडली, हा त्या दिवसाचा खरा पराक्रम. लोकांनी मात्र जपून ठेवले ते विझवलेले दिवे. पुढच्याच वर्षी रुडॉल्फ काराचोला या जर्मन चालकाने मर्सिडीजवर शर्यत जिंकली आणि इटलीबाहेरचा पहिला विजेता ठरला.

त्या काळी धावत्या गाडीचं छायाचित्र घेणं हीसुद्धा एक कसरतच होती. फिल्म मंद, शटर मंद. जाक-आंरी लार्तीग या फ्रेंच तरुणाने पहिल्या महायुद्धाआधी ग्रां प्रीत टिपलेलं एक छायाचित्र या कसरतीचा नमुना म्हणून जगभर दाखवलं जातं. त्यात गाडीचं चाक गोल नाही, लंबगोल आहे आणि पुढे झुकलेलं आहे. मागचे प्रेक्षक आणि खांब उलट दिशेला कललेले आहेत. कारण त्या कॅमेऱ्याच्या शटरमधली फट काचेवरून एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकायची. फट सरकेपर्यंत गाडी पुढे गेलेली असायची आणि लार्तीग कॅमेरा गाडीबरोबर फिरवत असल्यामुळे उभे लोक मागे पडायचे. तांत्रिकदृष्ट्या हा दोष. पण वेग म्हणजे काय, हे त्या तिरक्या चाकाने जितकं दाखवलं तितकं पुढच्या काळातल्या स्वच्छ, रेखीव छायाचित्रांनी क्वचितच दाखवलं. मिल्ले मिल्याच्या छायाचित्रकारांपुढे आणखी एक पेच होता. वेग दाखवायला गाडी आणि अंतर दाखवायला माणसं, दोन्ही एकाच चौकटीत हवं. त्यासाठी त्यांनाही रस्त्याच्या कडेला, त्या गर्दीतच उभं राहावं लागे.

१९३८ साली बोलोन्या शहरात या सलगीने पहिला मोठा बळी घेतला. एका हौशी स्पर्धकाची लान्चिया आप्रिलिया ताबा सुटून प्रेक्षकांत घुसली. दहा माणसं मेली, त्यांत सात मुलं होती. मुसोलिनीच्या सरकारने सार्वजनिक रस्त्यांवरची शर्यत बंद केली. इशारा स्पष्ट होता आणि तो ऐकलाही गेला. पण फार काळ लक्षात राहिला नाही. १९४० साली याच नावाने शर्यत झाली ती ब्रेशा, क्रेमोना आणि मांतोवा या तीन शहरांमधल्या त्रिकोणी मार्गावर, नऊ फेऱ्यांची. ती जिंकली बीएमडब्ल्यूने. त्याच शर्यतीत दोन नव्या गाड्या उतरल्या होत्या, त्यांवर बनवणाऱ्याचं नावही नव्हतं. आल्फा रोमिओशी झालेल्या करारामुळे एन्झो फेरारीला स्वतःचं नाव वापरता येत नव्हतं. त्या दोन्ही गाड्या शर्यत पुरी करू शकल्या नाहीत, पण फेरारीच्या गाड्यांचा इतिहास त्यांच्यापासून मोजला जातो.

मग युद्ध आलं. चौघा संस्थापकांपैकी मात्सोत्ती युद्धात वैमानिक म्हणून गेला आणि परत आला नाही. मित्रराष्ट्रांच्या फौजा दक्षिणेकडून वर सरकत गेल्या, त्या याच डोंगरांतून आणि याच नद्या ओलांडत. मराठी वाचकाचा या भूगोलाशी असलेला संबंध इथेच आहे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नायक यशवंत घाडगे एकट्याने शत्रूच्या मशिनगनवर चालून गेले आणि तिथेच पडले. ते माणगाव तालुक्यातले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी त्याच रेजिमेंटचे शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना पाण्यातून वाहून आणलं आणि मशिनगनची ठाणी मोडून काढली. ते तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शर्यतीच्या गाड्या ज्या प्रदेशातून धावायच्या, त्याच प्रदेशातून मराठी पोरं पायी गेली होती. फूता आणि रातिकोझा या घाटांच्या परिसरात जर्मनांनी बचावाची फळी उभारली होती; शर्यतीतले सगळ्यांत अवघड घाटही तेच.

१९४७ च्या जूनमध्ये शर्यत पुन्हा सुरू झाली तेव्हा इटलीतले पूल अजून नीट बांधून झालेले नव्हते. टायर मिळणं मुश्कील, पेट्रोल मिळणं मुश्कील. तरी लोक रस्त्यावर आले. त्या वर्षीची आठवण म्हणजे पुन्हा नुवोलारी. वय ५४. दोन्ही मुलगे तरुणपणीच गेलेले, स्वतःची छाती वर्षानुवर्षांच्या धुराने पोखरलेली. त्याच्याकडे होती चिसितालिया नावाची छोटी, उघडी गाडी. इतरांच्या मोठ्या इंजिनांपुढे अगदीच किरकोळ. ती घेऊन तो पुढे होता. शेवटच्या टप्प्यात मुसळधार पाऊस आला, इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या मॅग्नेटोत पाणी शिरलं आणि बराच वेळ वाया गेला. तरी तो दुसरा आला. क्लेमेंते बिओन्देत्ती पहिला. पुढच्या वर्षी नुवोलारी फेरारीवर आला आणि आघाडीवर असताना गाडीचे एकेक भाग गळून पडत गेले. मडगार्ड गेलं, बॉनेट गेलं, शेवटी रेज्जो एमिलियाजवळ गाडीच थांबली. बिओन्देत्ती त्या वर्षीही जिंकला आणि पुढच्याही. चार वेळा ही शर्यत जिंकणारा तो एकटाच. पण इटालियन माणसाला आठवतो तो हरलेला नुवोलारी. आपल्याकडेही पानिपत विसरलं जात नाही, तसंच काहीसं.

१९५३ साली नुवोलारी वारला. तो मांतोवाचा. पुढच्या वर्षीपासून शर्यतीचा मार्ग त्याच्या स्मरणार्थ मांतोवातून नेण्यात आला आणि क्रेमोना-मांतोवा-ब्रेशा या शेवटच्या टप्प्यात सर्वाधिक वेगाने येणाऱ्यासाठी त्याच्या नावाचं खास बक्षीस ठेवण्यात आलं. हा टप्पा सपाट मैदानातला. रस्ता सरळ, दुतर्फा झाडं, मध्ये छोटी गावं. दिवसभर घाट चढून-उतरून शिणलेल्या चालकांना इथे गाडी हवी तेवढी पळवता यायची. बक्षीस श्रद्धांजली म्हणून ठेवलं होतं. त्याने शर्यतीचा सगळ्यांत वेगवान भाग तिच्या सगळ्यांत दमलेल्या तासांत आणून ठेवला.

पन्नाशीच्या दशकातली छायाचित्रं सर्वांत जास्त, आणि ती ओळखायची एक सोपी किल्लीही आहे. युद्धानंतरच्या त्या वर्षांत गाडीवरचा क्रमांक म्हणजे तिची सुटण्याची वेळ असे. लहान गाड्या आदल्या रात्री निघत, मोठ्या पहाटेनंतर, एकामागून एक. त्यामुळे गाडीचा आकडा वाचला की ती ब्रेशातल्या सुरुवातीच्या उतारावरून किती वाजता खाली आली ते कळतं. या उताराजवळ डोक्यावर गोल टोपी घातलेला, हातात निशाण घेतलेला माणूस दिसला तर तो कास्तान्येतो. चार संस्थापकांपैकी कॅमेऱ्याला सर्वाधिक सापडलेला. १९५० च्या छायाचित्रांत डबल ब्रेस्टेड सूट घालून शर्यत जिंकणारा तरुण दिसतो, तो जानिनो मार्त्सोत्तो. कापड गिरण्यांच्या मालकाचा मुलगा. १९५४ साली हान्स हेरमान या जर्मन चालकासमोर रेल्वे फाटक पडलं. थांबायला वेळ नव्हता. त्याने शेजारच्या साथीदाराच्या हेल्मेटवर थाप मारली, दोघे खाली वाकले आणि त्यांची बुटकी पोर्शे फाटकाच्या दांडीखालून, आगगाडीच्या तोंडासमोरून पार झाली.

१९५५ चा आकडा आहे ७२२. सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी सुटलेली मर्सिडीज ३०० एसएलआर. चालवायला पंचविशीतला इंग्रज स्टर्लिंग मॉस आणि शेजारी डेनिस जेंकिन्सन. जेंकिन्सन पत्रकार, बुटका, लांब दाढीचा आणि त्याआधी साइडकार मोटारसायकलींच्या शर्यतीत जगज्जेत्याच्या बाजूला बसलेला. हजार मैलांचा रस्ता पाठ असणं इटालियन चालकांना जमत होतं, परक्याला नाही. म्हणून दोघांनी आधी मार्गावरून अनेकदा गाडी नेऊन प्रत्येक वळण, उंचवटा आणि फाटक यांची नोंद केली. ती नोंद पाच मीटरांहून लांब कागदाच्या गुंडाळीवर लिहून, गुंडाळी खिडकी असलेल्या एका छोट्या डबीत बसवली. जेंकिन्सन डबीचं बटण फिरवत पुढचं वळण वाचायचा आणि इंजिनाच्या गदारोळात आवाज ऐकू जात नाही म्हणून हाताच्या खुणांनी मॉसला सांगायचा. ताशी २७० किलोमीटरच्या वेगात, पलीकडचं काही दिसत नसताना, ‘सरळ जा’ ही खूण मानून मॉस उंचवट्यावरून गाडी सोडायचा आणि ती चारही चाकांनी हवेत उडायची. वाटेत जेंकिन्सनला ओकारी झाली, वाऱ्याने चष्मा उडवून नेला. जवळ दुसरा होता म्हणून पुढचं वाचता आलं.

त्यांनी १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत शर्यत जिंकली. सरासरी ताशी १५७ किलोमीटर; म्हणजे १९२७ च्या दुप्पट. दुसरा आलेला हुआन मान्युएल फांजिओ अर्ध्या तासाहून जास्त मागे होता. हा विक्रम कुणी मोडला नाही. शेवटच्या रेषेवर घेतलेल्या छायाचित्रांत दोघांचे चेहरे काळे ठिक्कर आहेत, गॉगलच्या जागी तेवढी पांढरी वर्तुळं. मोटारशर्यतीवरच्या कुठल्याही पुस्तकात ते छायाचित्र असतंच. त्यात विजय दिसतो, थकवा दिसतो. पण त्याच दिवशीची रस्त्यावरची छायाचित्रं शेजारी ठेवून पाहिली तर आणखी एक गोष्ट दिसते. अट्ठावीस वर्षांत गाड्यांचा वेग दुप्पट झाला आणि माणसं होती तिथेच उभी होती. तेच रस्ते, तीच गावं, फार तर वळणावर पेंढ्याचे चार भारे. अंतर तेवढंच हातभर. सहाच आठवड्यांनी फ्रान्समध्ये ल मान इथे मर्सिडीजचीच एक गाडी प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. मिल्ले मिल्या तरीही १९५६ साली झाली. पावसातली ती शर्यत युजेनिओ कास्तेल्लोत्तीने जिंकली.

१२ मे १९५७. फेरारीच्या मोठ्या गाड्या चार जणांकडे होत्या: इंग्रज पीटर कॉलिन्स, पन्नाशीतला इटालियन पिएरो तारुफी, जर्मन काउंट वोल्फगांग फॉन ट्रिप्स आणि स्पॅनिश सरदार आल्फोन्सो दे पोर्तागो. कॉलिन्सच्या शेजारी बसला होता लुई क्लेमान्टास्की. जगात मोटारशर्यतींचे छायाचित्रकार पुष्कळ झाले, पण शर्यतीच्या गाडीत बसून शर्यत टिपणारा असा दुसरा मिळणं कठीण. जन्म मांचुरियातल्या हार्बिनचा, वाढ इंग्लंडमधली. १९५३ साली तो रेज पार्नेलबरोबर ॲस्टन मार्टिनमध्ये बसला होता. थ्रॉटलची केबल तुटल्यावर पार्नेलने थ्रॉटल पूर्ण उघडी बांधून टाकली आणि उरलेला रस्ता इंजिन चावीने बंद-चालू करत काढला. तरी पाचवा आला. असं सगळं भोगूनही क्लेमान्टास्की पुन्हा पुन्हा या शर्यतीत बसत राहिला. वळणं सांगायची, आणि मधल्या क्षणांत लायका कॅमेरा उचलून बटण दाबायचं.

त्याची त्या दिवशीची छायाचित्रं म्हणजे या शर्यतीचा आतून घेतलेला दुर्मीळ धडा आहे. कडेच्या माणसाला गाडी कशी दिसते हे तीस वर्षं सगळे दाखवत होते. गाडीतल्या माणसाला कडेचे लोक कसे दिसतात, हे त्याने दाखवलं. कॉलिन्सचे हात, लाकडी स्टीअरिंग, बुटकी काच आणि पलीकडे रस्ता. पण रस्त्याला कडाच नाहीत. दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती, आणि पुढे त्या एकमेकींना मिळाल्यासारख्या. गाडी जाणार तिथे अजून लोक उभे आहेत. ते बाजूला होतील या भरवशावर चालकाचा पाय खाली आहे. कॉलिन्स आघाडीवर होता. पार्माजवळ फेरारीचं ट्रान्समिशन गेलं आणि त्यांची शर्यत संपली. ती गाडी, फेरारी ३३५ एस, २०१६ साली पॅरिसच्या लिलावात ३ कोटी २० लाख युरोंना विकली गेली.

पोर्तागोच्या गाडीचा आकडा ५३१. वय २८. हा माणूस घोड्यांच्या शर्यतीत उतरला होता, १९५६ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये बर्फावरच्या बॉबस्लेमध्ये चौथा आला होता. शेजारी त्याचा अमेरिकन मित्र एडमंड नेल्सन. रोमच्या थांब्यावर गर्दीतून अभिनेत्री लिंडा ख्रिश्चन पुढे आली आणि तिने गाडीवर वाकून पोर्तागोचं चुंबन घेतलं. छायाचित्रकारांनी तो क्षण टिपला. संध्याकाळपर्यंत त्या छायाचित्राचा अर्थ बदलला आणि तेव्हापासून जगभर ते मृत्यूचं चुंबन म्हणून छापलं जातं. मांतोवा ओलांडून, ब्रेशा अगदी टप्प्यात आलेलं असताना, ग्विदित्सोलो गावाजवळच्या सरळ रस्त्यावर पोर्तागोच्या गाडीचं टायर फुटलं. गाडी कडेच्या गर्दीत शिरली. पोर्तागो आणि नेल्सन जागीच गेले. त्यांच्याबरोबर नऊ प्रेक्षक गेले, त्यांत पाच मुलं. तो रस्ता नुवोलारीच्या नावाच्या बक्षिसाचा होता.

शर्यत तारुफीने जिंकली. अनेक वर्षांच्या प्रयत्नांनंतरचा हा विजय. जिंकलो की शर्यती सोडेन, असं त्याने बायकोला वचन दिलं होतं आणि त्याने ते पाळलं. एवढंच नाही, त्याच वर्षी एका अमेरिकन साप्ताहिकात त्याने लेख लिहिला. आम्ही आणखी जीव घेण्याआधी आम्हाला थांबवा, असा त्याच्या मथळ्याचा अर्थ. गाड्यांचा वेग रस्त्यांना झेपण्याच्या पलीकडे गेला आहे, हे शेवटच्या विजेत्यानेच सांगितलं. सरकारने त्याआधीच, अपघातानंतरच्या काही दिवसांत, सार्वजनिक रस्त्यांवरच्या अशा शर्यतींवर बंदी आणली होती. एन्झो फेरारीवर मनुष्यवधाचा खटला चालला. टायर, त्यांची निवड, त्यांची देखभाल यांवर वर्षानुवर्षं वाद झाले. १९६१ साली तो निर्दोष सुटला.

१९५६ चा विजेता कास्तेल्लोत्ती मार्च १९५७ मध्ये मोदेनाला चाचणी घेताना गेला होता. कॉलिन्स ऑगस्ट १९५८ मध्ये न्यूरबुर्गरिंगवर गेला. फॉन ट्रिप्स सप्टेंबर १९६१ मध्ये मोंझाला गेला, आणि त्याच्या गाडीखाली डझनाहून जास्त प्रेक्षक. ब्रेशाकडून ज्या मोंझाने शर्यत हिसकावली होती, तिथे ट्रॅक होता, कुंपण होतं. तरी अंतर अपुरंच पडलं. १९५७ ला फेरारीच्या मोठ्या गाड्या चालवणाऱ्या चौघांपैकी म्हातारपण पाहिलं ते फक्त तारुफीने.

१९७७ साली, पहिल्या शर्यतीला पन्नास वर्षं झाली तेव्हा, मिल्ले मिल्या नव्या रूपात परत आली. आता ती जुन्या गाड्यांची फेरी आहे. १९२७ ते १९५७ या काळात शर्यतीत धावलेल्या प्रकारच्याच गाड्यांना तिथे प्रवेश मिळतो, आणि त्यांत वेगाची नाही तर वेळेच्या काटेकोरपणाची स्पर्धा असते. ठरलेलं अंतर ठरलेल्या सेकंदात कापायचं. ब्रेशात शर्यतीचं संग्रहालय आहे. लोक अजूनही गॅलरीत आणि पायऱ्यांवर येतात, मुलं हात हलवतात. गाड्या त्याच आणि रस्तेही बरेचसे तेच.

जुन्या शर्यतींविषयी हळहळणारे लोक म्हणतात, तेव्हाच्या चालकांना छाती होती, आता सगळं मिळमिळीत झालं. छाती होती, यात शंका नाही. पण चालकाने धोका जाणून पत्करला होता, मोबदला घेऊन, कीर्तीसाठी. ग्विदित्सोलोच्या पाच मुलांनी काहीच पत्करलं नव्हतं. ती आपल्या गावच्या रस्त्यावर उभी होती. सार्वजनिक रस्त्यावरची मिल्ले मिल्या जगातली सर्वांत देखणी शर्यत होती, आणि १९५७ साली ती बंद झाली ते योग्यच झालं. खरं तर १९३८ नंतर ती पुन्हा त्या रस्त्यांवर यायलाच नको होती. जुन्या शर्यतींच्या छायाचित्रांवर प्रेम करणाऱ्यांनी ते जरूर करावं. गाड्या ओळखाव्यात, आकड्यांवरून वेळा काढाव्यात, नुवोलारीच्या गोष्टी रंगवून सांगाव्यात. फक्त प्रत्येक छायाचित्रात रस्त्याच्या कडेची माणसंही नीट पाहावीत आणि त्यांच्यात मुलं किती आहेत ते मोजावं.